वाकवणारे स्नायू: टुल्पच्या चिमट्यापासून वेल्लोरपर्यंत

कोपर ते मनगट या टप्प्यातली हाताची आतली बाजू म्हणजे मेडिकलच्या पहिल्या वर्षाची हमखास व्हायव्हाची (तोंडी परीक्षेची) जागा. आठ स्नायू, तीन थर: वर चार, मध्ये बोटं वाकवणारा फ्लेक्सर डिजिटोरम सुपरफिशियालिस एकटा, तळाशी तीन. त्यातले साडेसहा मीडियन नर्व्हच्या (नर्व्ह म्हणजे हालचालीचे निरोप नेणारी नस) वाट्याला, दीड अल्नर नर्व्हच्या; एक स्नायू दोघींत वाटलेला. हिशेब एका ओळीत मावतो खरा. पण स्नायू मेलेल्या हातातून समजले, रक्त जिवंत हातातून, आणि नसांचं व रक्ताचं खरं महत्त्व कळलं ते बिघडलेल्या हातांमुळे.

दुसऱ्या शतकात पर्गमम या ग्रीक शहरात ग्लॅडिएटरांच्या जखमा बांधणाऱ्या गेलन या वैद्याने अवयवांच्या उपयोगावरच्या ग्रंथाची सुरुवातच हातापासून केली. विच्छेदन मात्र तो माकडांचं करी. माकडाच्या अंगठ्याला आपल्यासारखा स्वतंत्र वाकवणारा स्नायू नसतो, बोटांच्या खोल स्नायूचीच एक कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) तिकडे जाते. तरीही पुढची तेराशे वर्षं युरोपने त्याचाच शब्द प्रमाण मानला.

१५४३ मध्ये इटलीतल्या पादुआच्या शरीररचनातज्ज्ञ व्हेसालियसने माणसाच्या शरीरावरून आपला ग्रंथ छापला. त्यातल्या स्वतःच्या चित्रात तो शवाचा सोललेला हात धरून उभा आहे, बोटांच्या कंडरा मोकळ्या करून. मेंदू नाही, हृदय नाही, हात! ही निवड सहज झाली असेल असं वाटत नाही.

तोच डाव १६३२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या डॉ. निकोलस टुल्पने रेम्ब्राँच्या चित्रात खेळला. टेबलावर नुकताच फाशी गेलेला चोर आहे. एरवी विच्छेदन पोटापासून सुरू होई, कारण ते आधी सडतं. इथे पोट शाबूत आणि डावा हात उघडलेला. टुल्पच्या उजव्या हातातला चिमटा बोटं वाकवणारा वरचा स्नायू उचलतो आहे, आणि डाव्या हाताची बोटं वाकवून तो त्या स्नायूचं काम दाखवतो आहे. हा स्नायूसमूह कोपराच्या आतल्या हाडापासून निघायला हवा, चित्रात तो बाहेरून निघाल्यासारखा दिसतो, असा आक्षेप आहे. २००६ मध्ये ग्रोनिंगेनच्या डॉक्टरांनी एका शवाचा डावा हात उघडून चित्राशी ताडूनही पाहिला. वाद काही मिटलेला नाही.

चार वर्षं आधी, १६२८ मध्ये, इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वेने याच भागावर चाकूविना काम केलं होतं. दंडाला करकचून पट्टी बांधली की मनगटाची नाडी थांबते, पंजा गार पडतो. पट्टी थोडी सैल केली की नाडी परत येते, पण शिरा फुगतात, हात लाल होतो: रक्त खोलवरच्या धमन्यांतून आत येतंय, वरवरच्या शिरांतून परत जायची वाट बंद आहे. फुगलेल्या शिरेवर बोट दाबून ठेवायचं, दुसऱ्या बोटाने रक्त कोपराकडे सारायचं. मधला तुकडा रिकामाच राहतो, कारण वरची झडप रक्त मागे येऊ देत नाही. रक्त फिरतं याचा हा त्याचा सगळ्यात सोपा पुरावा. शिरांतल्या या झडपा त्याचे पादुआतले गुरू फाब्रिसियस यांनी १६०३ मध्येच छापून दाखवल्या होत्या, फक्त त्या कशासाठी आहेत हे त्यांना उमगलं नव्हतं.

हार्वेची ती करकचलेली पट्टी चुकून तासन् तास राहिली तर काय होतं, हे जर्मनीतल्या हालेचे सर्जन रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये लिहिलं. मोडलेल्या हाताला आवळून बांधलं की स्नायूंचं रक्त तुटतं, ते मरतात आणि आखडतात. मार बसतो तो तळाच्या थराला, कारण त्याचं रक्त मुख्यतः हाडांमधल्या पडद्यापुढून उतरणाऱ्या एका बारीक धमनीवर अवलंबून असतं. अशा हाताची खूण ठरलेली: मनगट वाकवलं तर बोटं उघडतात, सरळ केलं की मिटतात. आपल्याकडे हाडवैद्याने आवळलेल्या कामट्यांखाली पोरांचे हात असे झाल्याचं ऑर्थोपेडिक ओपीडीला नवीन नाही.

नसांचा पाठ असाच तुकड्यातुकड्यांनी मिळाला. स्वीडनच्या मार्टिनने १७६३ मध्ये सांगितलेला आणि ग्रुबरने १८७० मध्ये पुन्हा तपासलेला मीडियन-अल्नर दुवा, म्हणजे या दोन नसांना जोडणारी फांदी, काही लोकांत असतो. तो असला की कोपराशी अल्नर कापली जाऊनही तळव्यातले स्नायू हलत राहतात आणि तपासणारा चक्रावतो.

कुष्ठरोगात बहुधा हीच अल्नर कोपरापाशी मरते, तळव्यातले स्नायू लुळे पडतात आणि बोटं नखीसारखी वळतात. १९४० च्या दशकाच्या शेवटी तमिळनाडूतल्या वेल्लोरला सर्जन पॉल ब्रँड यांनी असे हात दुरुस्त करायला घेतले. प्रत्येक बोटाला वाकवणाऱ्या कंडरा दोन, तेव्हा वरची सोडवून, चिरून बोटांच्या बाजूंना जोडता येते, हा त्यामागचा हिशेब; टुल्पच्या चिमट्यातला तोच स्नायू. पुढे ब्रँड मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूकडे वळले. त्यात कंडरा लांबवावी लागते, पण मुठीचा एकही वाकवणारा स्नायू खर्ची पडत नाही.