खाजण बांधांचे संवर्धन (गोवा)

मांडवी, झुआरी आणि त्यांच्या उपनद्यांच्या काठची, भरतीचे पाणी चढेल इतकी सखल जमीन बांध घालून शेतीखाली आणली, तिला गोव्यात खाजण म्हणतात. असे क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर असून तिसवाडी, बार्देश, सासष्टी, फोंडा या तालुक्यांत ते विशेष आढळते. सहाव्या शतकातील कोकण मौर्य राजा अनिर्जितवर्मा याच्या बांदिवडे ताम्रपटात ‘खज्जन’ जमिनीचा उल्लेख आहे. म्हणजे ही विद्या पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीची.

खाजणात मातीचा कस आणि पाण्याचे नियोजन, दोन्ही एकाच बांधावर अवलंबून असतात. नदीतला चिकट चिखल, गवत आणि बांबू यांचा हा बांध. लाटांचा मारा असेल तिथे बाहेरून चिऱ्यांची बांधणी. बांधातील लाकडी झडपांच्या दाराला मानस म्हणतात. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने झडप उघडते आणि पावसाचे पाणी नदीत जाते. भरतीला बाहेरच्या दाबाने ती आपोआप मिटते. आतले पाणी पोंय नावाच्या सखल भागात साठते. जूनच्या पावसाने मातीतले मीठ धुऊन निघाले की कोरगुट हे क्षार सोसणारे भात पेरतात. भर भरतीला बांध फुटला तर उभे पीक जातेच, शिवाय जमिनीत शिरलेले मीठ पुढचे पावसाळे छळते.

पूर्वी बांधाची देखरेख गांवकरीकडे, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेकडे (कोमुनिदादीकडे) होती. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर आणि १९७५ च्या सामायिक जबाबदारीच्या नियमांनुसार ती कुळांच्या संघटनांकडे आली. कृषी खात्याचा मृदसंधारण विभाग दुरुस्तीसाठी तांत्रिक आणि आर्थिक मदत करतो. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने ‘गोवा धान’ मालिकेत क्षारसहिष्णू भाताचे वाण काढले आहेत.

खरी अडचण मासळीची आहे. मानशीवरची मासेमारी लिलावाने दिली जाते आणि तिचे उत्पन्न भातापेक्षा अधिक असते. त्यामुळे काही ठिकाणी दार नको तेवढे उघडे ठेवून खारे पाणी आत घेतात. बांध झिजतो, शेजारचे शेत खारावते आणि लिलावाच्या पैशातून दुरुस्ती होतेच असे नाही. याचा फटका कसणाऱ्यालाच बसतो, म्हणून लिलावाच्या अटींत मानशीच्या वेळा आणि दुरुस्तीचा वाटा लिहिलेला असणे अत्यंत आवश्यक आहे.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटकांची नोंद असते. खाजणाच्या शेतकऱ्याने त्यातील विद्युत वाहकतेचा आकडा आधी पाहावा, कारण मातीतल्या क्षारांचा अंदाज त्यावरूनच येतो. मात्र उन्हाळ्यात बाष्पीभवनामुळे मीठ वर चढते, त्यामुळे मे महिन्यातला नमुना आणि पावसाळ्यानंतरचा नमुना यांत मोठा फरक दिसेल. नमुना कधी घेतला हे ठाऊक नसेल, तर आकड्याचा उपयोग फारसा नाही.

डोंगराळ भागाची गोष्ट निराळी. तिथली जांभ्याची माती आम्लधर्मी असते, तिला चुना व सेंद्रिय खत लागते. कुळागरे, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, झऱ्याच्या पाण्यावर, पाटांनी भिजतात. ठिबक आणि तुषार सिंचनाला अनुदान मिळते. पावसाळा सरल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत फळ्या बसवतात, त्या पाण्यावर वायंगण, म्हणजे रब्बीचे भात आणि भाज्या होतात. फळ्या उशिरा बसल्या तर पाणी वाहून जाते आणि वायंगण हुकते.

खाजणाच्या बांधाला पहिले भोक बहुधा खेकडा पाडतो. ते त्याच दिवशी, पुढच्या भरतीआधी, चिखलाने बुजवावे लागते. सरकारी अंदाजपत्रक मात्र खिंडार पडल्यावर तयार होते. त्यामुळे रोज बांधावरून फिरणारा माणूस संघटनेने नेमणे आणि त्याच्या मजुरीला मदत मिळणे, हे मोठ्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते.