सार्वजनिक ग्रंथालयांचे शासकीय नियमन व वाचनस्वातंत्र्य

सार्वजनिक ग्रंथालयांची स्थापना, निधी, सेवक आणि ग्रंथसंग्रह यांविषयी शासनाने केलेले कायदे व नियम म्हणजे ग्रंथालयांचे नियमन. हवे ते, कोणाची परवानगी न घेता आणि कोणाच्या पाळतीविना वाचता येणे हे वाचनस्वातंत्र्य. नियमन नेहमी स्वातंत्र्याच्या आड येते असे नाही. कायद्याचे पाठबळ नसते तर कितीतरी ठिकाणी विनाशुल्क ग्रंथालय उभेच राहिले नसते.

ब्रिटनच्या १८५० च्या कायद्याने दहा हजारांवर वस्तीच्या नगरांना करातून ग्रंथालय चालवण्याची मुभा दिली. करदात्यांपैकी दोन-तृतीयांशांची संमती हवी होती, कराची मर्यादा पौंडामागे अर्धा पेनी होती आणि त्या पैशातून पुस्तके घेता येत नव्हती! १८५५ मध्ये मर्यादा एक पेनी झाली व पुस्तकखरेदीला वाट मिळाली. भारतात मद्रासच्या १९४८ च्या कायद्याने ग्रंथालय उपकर आणला. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात उपकर नाही, तेथे शासन मान्यताप्राप्त ग्रंथालयांना वर्गानुसार अनुदान देते. पैसा देणारा तपासणी करणारच. ती हिशेब, दप्तर आणि कामाच्या वेळांपुरती असेल तर तक्रारीचे कारण नाही.

खरा पेच ग्रंथनिवडीत आहे. बंदीचा आदेश उघड असतो, त्याविरुद्ध न्यायालयात जाता येते. मुळात खरेदीच न झालेले पुस्तक मात्र कोणाच्या नजरेत येत नाही, आणि विचारलेच तर ‘तरतूद नाही’ हे उत्तर तयार असते. वाचनस्वातंत्र्याची सर्वाधिक हानी इथेच, गाजावाजा न होता होते. म्हणून निवडीचे धोरण लेखी व जाहीर असणे आणि निवड ग्रंथपालाकडे असणे अत्यावश्यक ठरते.

१९८६ मध्ये लंडनमधील छपाई कामगारांच्या तंट्यात ईलिंग व आणखी काही स्थानिक परिषदांनी कामगारांना पाठिंबा म्हणून संबंधित मालकाची वृत्तपत्रे ग्रंथालयांतून बंद केली. न्यायालयाने ते बेकायदा ठरवले: १९६४ च्या ग्रंथालय कायद्याने वाचकांना परिपूर्ण सेवा देण्याचे कर्तव्य परिषदांवर टाकले होते, तंट्यात बाजू घेण्याचा अधिकार दिला नव्हता. परिषदांचा हेतू कितीही सहानुभूतीचा असो, हा निकाल योग्यच होता.

धोका केवळ सत्ताधाऱ्यांकडून नसतो. जपानमधील फुनाबाशी येथे २००१ मध्ये एका ग्रंथपालाने न पटणाऱ्या लेखकांची १०७ पुस्तके संग्रहातून काढून टाकली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये म्हटले की सार्वजनिक ग्रंथालय ही लेखकांसाठीही विचार लोकांपर्यंत पोचवण्याची जागा आहे आणि अशा पक्षपाताने त्यांच्या कायदेशीर हिताला बाध येतो.

अलीकडे काही कायदे स्वातंत्र्याच्या बाजूने झाले आहेत. फ्रान्सच्या डिसेंबर २०२१ च्या कायद्यानुसार ग्रंथसंग्रह वैचारिक, राजकीय वा धार्मिक सेन्सॉरशिपपासून आणि व्यापारी दबावापासून मुक्त असला पाहिजे. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने १ जानेवारी २०२४ पासून राज्याचे अनुदान हवे असलेल्या ग्रंथालयांना पक्षपाती हेतूने पुस्तके न काढण्याचे लेखी धोरण सक्तीचे केले. अनुदानाच्या अटीचा हा उपयोग अनुकरणीय आहे.

कोणी काय वाचले याची नोंद हा वेगळा विषय आहे. अमेरिकेच्या २००१ च्या दहशतवादविरोधी कायद्यान्वये तपासयंत्रणांना गुप्त न्यायालयीन आदेशाने अशा नोंदी मागता येऊ लागल्या. त्यावर, पुस्तक परत येताच वाचकाच्या नावाशी असलेला दुवा पुसून टाकण्याची पद्धत अनेक ग्रंथालयांनी अवलंबली.

इंटरनेटमुळे प्रश्न आणखी गुंतला. अमेरिकेने २००० मध्ये संघराज्याच्या ठरावीक निधीसाठी ग्रंथालयांतील संगणकांवर अश्लील चित्रे रोखणारे फिल्टर बंधनकारक केले. प्रौढ वाचकाने सांगितल्यास फिल्टर काढता येतो, हे लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये कायदा वैध ठरवला. तसे सांगण्याचा संकोच वाटेल, हा आक्षेप न्यायालयाला पुरेसा वाटला नाही; पण आजाराविषयी किंवा लैंगिकतेविषयी माहिती शोधणाऱ्याला तो संकोचच बहुधा माघारी धाडतो.