इनुक्सुक म्हणजे दगडी माणूस नव्हे

हातपाय पसरून उभा असलेला दगडी माणूस म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या मूळ रहिवाशांचा, इनुइटांचा इनुक्सुक, हा समज २०१०च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिम्पिकच्या बोधचिन्हाने जगभर पक्का केला. तो चुकीचा आहे. माणसाच्या आकाराची रचना इनुइट वेगळी मानतात. तिला इनुन्ग्वाक म्हणतात. इनुक्सुक ही दगड रचून केलेली कामाची खूण. वाट, मासेमारीची जागा, साठवलेलं मांस दाखवणारी. कधी ओळीने उभारून कॅरिबूंचे, म्हणजे तिथल्या रेनडिअरचे, कळप शिकाऱ्यांकडे वळवणारी. झाडंच नसलेल्या टुंड्रात दुरून दिसेल असं दुसरं काय असणार! कॅनडाच्या बॅफिन बेटावर इनुक्सुक पॉइंटला अशा १००हून अधिक रचना आहेत. १९९९ साली स्थापन झालेल्या नुनावुत या कॅनडातल्या प्रदेशाच्या ध्वजावरही लाल इनुक्सुक आहे, निळ्या ध्रुवताऱ्यासोबत. दोन्ही वाट दाखवणारे.