‘आधार लिंक आहे का?’ या प्रश्नाची पार्श्वभूमी

मुंबईत घरकाम करणाऱ्या मावशींशी एखाद्या सरकारी योजनेबद्दल बोलायला लागले की गाडी लवकरच एका प्रश्नावर येते : ‘आधार लिंक आहे का?’ बहुतेकींचे उत्तर ‘हो, आहे ना’ असते. त्या खोटे बोलत नाहीत. तरीही पैसे येत नाहीत.

सरकारी दाखल्यांसाठी आधी सेतू केंद्रे, मग महा-ई-सेवा केंद्रे आणि 2015 मध्ये लोकसेवा हक्क कायद्याबरोबर आलेले ‘आपले सरकार’ हे संकेतस्थळ हा प्रवास बहुतेकांना ठाऊक आहे. त्या कायद्याने दाखला ठरावीक दिवसांत मिळणे हा हक्क ठरवला, हे मोठेच काम झाले. पण ते दिवस मोजले जातात अर्ज नीट दाखल झाल्यावर. त्याआधीची धावपळ, म्हणजे स्कॅन, ठरलेल्या केबीतला (फाइलच्या आकारातला) फोटो, लॉगिन, कोणाच्याच हिशेबात नव्हती. गोवंडी-मानखुर्दच्या गल्ल्यांत ती झेरॉक्सवाल्यांच्या अंगावर पडली आणि त्याचे पैसे अर्जदाराच्या कनवटीतून गेले.

आता ‘लिंक’कडे. आधारचा पहिला क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. नोंदणीत मोबाइल नंबर देणे ऐच्छिक होते. कोणी दिला नाही, कोणी मुलाचा दिला, कोणाचे सिम पुढे बंद पडले. नंतर ओटीपी त्याच नंबरवर येऊ लागला. ही झाली पहिली लिंक : आधारला मोबाइल.

दुसरी लिंक बँकेतली. 2017 मध्ये प्रत्येक खात्याला आधार जोडायची सक्ती झाली, रांगा लागल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 26 सप्टेंबर 2018 च्या निकालाने ती सक्ती गेली, पण सरकारी अनुदानासाठी आधार मागण्याची मुभा त्याच निकालाने कायम ठेवली. तोवर असंख्य पासबुकांवर ‘आधार लिंक’ होऊन गेले होते. मावशी ‘हो’ म्हणतात ते याच लिंकबद्दल.

पैसे मात्र तिसऱ्या लिंकवर येतात, जिला बँकवाले सीडिंग म्हणतात. थेट लाभाची रक्कम आधार क्रमांकावर पाठवली जाते, आणि त्या क्रमांकापुढे मध्यवर्ती यादीत ज्या बँकेचे नाव असते तिथे ती पडते. एका वेळी एकच बँक, आणि सर्वांत शेवटी जोडलेली. अर्जात लिहिलेल्या खात्याला इथे किंमत नाही. 2017 मध्ये एका दूरसंचार कंपनीने सिमच्या आधार पडताळणीच्या वेळीच ग्राहकांची आपल्या पेमेंट बँकेत खाती उघडली. अनेकांना त्याचा पत्ताही नव्हता, आणि गॅसचे अनुदान तिकडे वळले. तीन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द राहिला, आणि तो सोडवून सांगण्याची जबाबदारी कोणीही घेतली नाही. माझ्या मते खरी चूक इथे आहे; बायकांच्या ‘अडाणीपणात’ नाही.

ऑनलाइन अर्जाची हीच अडचण कोरोनाच्या काळातही दिसली. 2021 च्या मे महिन्यात 18 ते 44 वयाच्या लोकांना लशीसाठी आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागत होती. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा डिजिटल दरीवर, म्हणजे मोबाइल-इंटरनेट नसलेले मागे पडतात यावर, बोट ठेवले होते.

मग जुलै 2024. लाडकी बहीण योजनेचा निर्णय जूनअखेर निघाला होता आणि दाखल्यांसाठी केंद्रांवर झुंबड उडाली. काही दिवसांतच अधिवास दाखल्याला पर्याय म्हणून 15 वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड चालेल असे ठरले. पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांना उत्पन्नाचा दाखलाही माफ झाला. वयाची मर्यादा 60 वरून 65 झाली. रक्षाबंधनाच्या आधी 3,000 रुपये जमा होऊ लागले, तेव्हा सीडिंगचा गुंता उघडा पडला. पैसे ‘गेले’ होते, पण कोणत्या बँकेत ते बाईला ठाऊक नव्हते. एक मावशी पिशवीतून तीन पासबुके काढून काउंटरवर मांडतात, तिन्ही भरून घेतात, तिन्हींत काही नाही. चौथे खाते सासरच्या गावच्या शाखेत होते, कधीतरी गॅससाठी उघडलेले.

18 सप्टेंबर 2025 च्या निर्णयाने याच योजनेत ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणे, आली. आधी बाईच्या आधारवर ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या. ज्यांचा नवरा आणि वडील दोघेही हयात नाहीत, ज्यांना नवऱ्याने टाकले आहे, त्यांनी कोणाचा ओटीपी आणायचा? हा प्रश्न निर्णय लिहिताना कोणाला पडला नाही, याचा मला अजून राग येतो. ज्यांचा नंबर बदलला होता त्यांना आधी आधार केंद्रात जाऊन तो बदलायचा होता. म्हणजे एका दिवसाचा खाडा, आणि 1 ऑक्टोबरपासून 50 ऐवजी 75 रुपये शुल्क.

नोव्हेंबरमध्ये मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली. विधवा आणि घटस्फोटित बायकांनी फक्त स्वतःची ई-केवायसी करावी आणि मृत्यूच्या दाखल्याची किंवा न्यायालयाच्या आदेशाची प्रत द्यावी, असे ठरले. घटस्फोट न घेता नुसत्याच टाकलेल्या बाईकडे यातला कोणताच कागद नसतो.