ओट्स कुरकुरीत होतात ते ओव्हनबाहेर

भाजलेल्या ओट्सचा ट्रे ओव्हनमधून काढून बोटाने दाबून पाहिला, तर दाणे मऊच लागतात. इथेच घोळ होतो. अजून कच्चं आहे असं वाटून ट्रे पुन्हा आत जातो आणि दहा मिनिटांत सगळं करपतं. गरम असताना ते मऊच लागायला हवं.

कारण दाण्यांवरचा पाक. भाजताना त्यातलं पाणी उडून जातं. मग गार होताना साखरेच्या रेणूंना स्फटिकांच्या रांगा लावायला सवड मिळत नाही, ते आहेत तिथेच थिजतात. तयार होते ती शब्दशः साखरेची काच, आणि तीच दाताखाली कडकन मोडते. अगदी कोरडी साधी साखर घेतली तर ही काच सुमारे 60 ते 70 अंश सेल्सिअसला मऊ पडते. तिच्यात दोनचार टक्के पाणी राहिलं, तरी हा आकडा झपाट्याने खाली येतो.

नुसता मध वापरला की ओट्स चिकट का राहतात, याचं उत्तरही इथेच आहे. मधात फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, भरपूर असतं आणि त्याची काच 5 अंशांच्या आसपासच मऊ पडते. शिवाय फ्रुक्टोज हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणून मध चवीपुरता ठेवून निम्मी साखर घालावी.

250 ग्रॅम जाड चपटे ओट्स, 80 ग्रॅम भरड चिरलेले बदाम आणि अर्धा छोटा चमचा मीठ एकत्र करा. झटपट शिजणारे पातळ ओट्स नकोत, त्यांचा भुगा होतो. 50 ग्रॅम साखर, 50 ग्रॅम मध आणि 30 मिलिलिटर पाणी मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच गरम करा. त्यात 60 मिलिलिटर तेल घालून ते ओट्सवर ओता आणि प्रत्येक दाण्याला पाक लागेपर्यंत कालवा. लोणीही चालतं, पण त्यात सुमारे 16 टक्के पाणी असतं आणि दुधाचा अंश लवकर काळा पडतो. आमची पसंती तेलालाच.

बेकिंग पेपरवर दीड सेंटिमीटरपेक्षा जाड थर नको. 150 अंशांवर 35 ते 40 मिनिटं भाजा, विसाव्या मिनिटाला एकदा हलवून कडेचे दाणे मध्ये आणा आणि उलथन्याने दाबून सपाट करा. 180 अंशांची घाई केली तर मधातल्या शर्करा कडेला करपतात आणि मधला भाग ओलाच राहतो. रंग फिकट सोनेरी झाला, भाजल्याचा वास आला की बाहेर काढा.

त्यानंतर तासभर ट्रेला हात लावू नका. या वेळी ढवळलं तर थिजू लागलेले जोड तुटतात आणि गुठळ्यांऐवजी सुटे दाणे हाती येतात. मोठ्या गुठळ्या हव्या असतील तर एका अंड्याचा पांढरा भाग फेसून भाजण्याआधी मिसळा, त्यातली प्रथिनं उष्णतेने घट्ट होऊन दाणे बांधून ठेवतात. कोमट असताना बरणीत भरलं तर वाफ आत कोंडते आणि दुसऱ्या दिवशी सगळं सादळलेलं मिळतं.

मनुकांचंही तसंच. त्यांच्यात सुमारे 15 टक्के पाणी असतं. ते हळूहळू ओट्समध्ये शिरतं, म्हणजे ओट्स मऊ पडतात आणि मनुका कडक होतात. त्या वेगळ्या ठेवाव्यात आणि खाताना घालाव्यात. दह्यावर किंवा शिजवलेल्या फळांवर ओट्सही अगदी वाढतानाच घाला, तिथे काही मिनिटांत ते मऊ होतात. आइसक्रीमवर जास्त वेळ टिकतात, कारण त्यातलं बरंचसं पाणी गोठलेलं असतं.

सादळलेले ओट्स टाकू नका. 140 अंशांवर 8 ते 10 मिनिटं ठेवून पूर्ण गार होऊ दिले की पुन्हा कुरकुरीत होतात. खवट वास आला असेल तर मात्र उपाय नाही. तिथे पाण्याचा नाही, तेल आणि हवेतल्या ऑक्सिजनचा संबंध असतो.