कलम म्हणजे बुटकं झाड नव्हे

"जागा लहान आहे, कलमच द्या." पाऊस सुरू झाला की रोपवाटिकेत हे वाक्य ऐकू येतंच. विकणाराही मान डोलावून हापूसचं कलम हातात ठेवतो. पुढे फांद्या शेजाऱ्याच्या गच्चीवर जातात आणि भांडण जुंपतं.

कोयीचं झाड सगळ्यांना माहीत आहे. सात-आठ वर्षं वाट बघायची आणि फळ कसं निघेल ते नशिबावर. कलम म्हणजे कोयीच्या रोपावर चांगल्या झाडाची काडी जोडलेली, म्हणून त्याला त्या आईच्या झाडाचंच फळ येतं. इथवर कुणाची चूक होत नाही.

चूक होते ती पुढे. लवकर फळतं म्हणजे झाड लहानच राहणार, असं लोक धरून चालतात. कलमाची काडी फळत्या झाडाची असते, म्हणजे आधीच वयात आलेली. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच मोहोर दिसतो (तो खुडा, आधी झाड अंग धरू दे). उंचीचा त्याच्याशी काही संबंध नाही. सफरचंदाला झाड बुटकं ठेवणारे खास खुंट (काडीखालचं मुळांचं रोप) वापरतात. आपल्याकडे आंब्याचा खुंट मात्र साध्या रायवळ कोयीचा, तो वरच्या झाडाची वाढ आवरत नाही. कोकणात हापूसच्या दोन कलमांत दहा मीटर अंतर उगाच ठेवत नाहीत. दहा मीटर म्हणजे तेहतीस फूट. आता आपलं परस मोजा.

बुटकेपणा हवा तर जात बघा. दशहरी आणि नीलमचा संकर असलेली आम्रपाली अडीच मीटरवरही लावतात. माझं मत विचाराल तर लहान परसात तीच. हापूसचाच हट्ट असेल तर फळं उतरली की दरवर्षी छाटणी करा. हात धजत नसेल तर बाजारातून पेटी आणा.

घेताना जोड बघा, म्हणजे काडी आणि खुंट जिथे जुळतात ती जागा. तो मातीच्या वर राहिला पाहिजे. जोड पक्का झाला की प्लास्टिकची पट्टी सोडा, नाहीतर खोडाला काच पडतो. आणि जोडाखालून फुटलेली फांदी लगेच काढा. ती खुंटाची, जोमात वाढते. लोक कौतुकाने तिलाच पाणी घालतात, वरचा हापूस वाळून जातो आणि मग "रोपवाटिकेने फसवलं" म्हणून बोंब.

बाकीच्यांचं सोपं आहे. पेरू कलमाचाच घ्या, सरदार जात उत्तम. चिकूही कलमाचाच. कागदी लिंबाचं बियांचं रोप खुशाल लावा, बरीचशी रोपं आईसारखीच निघतात. आणि नारळाला कलम बांधताच येत नाही, त्यामुळे कुणी "कलमी नारळ" म्हणून जादा पैसे मागितले तर पुढच्या रोपवाटिकेत जा.