आईसब्रेकर वेगळा, एनर्जायझर वेगळा, कृपया मिसळ करू नका

नवा वर्ग, पहिला तास, मुलं एकमेकांना ओळखत नाहीत, काय घेऊ असं कुणी विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. टाळ्यांचा खेळ घ्या, संगीत खुर्ची घ्या, "नाचा आणि स्टॅच्यू व्हा" घ्या, मस्त आईसब्रेकर आहेत! अहो, आईसब्रेकर म्हणजे अनोळखी मुलांमधला संकोच घालवून ओळख करून देणारा छोटा खेळ, आणि यातला एकही आईसब्रेकर नाहीये. हे सगळे एनर्जायझर. वाईट नाहीत, मी स्वतः घेते, पण पहिल्या तासाला नाही.

एनर्जायझर काय असतो ते तुम्हाला माहितीच आहे. दुपारचा तास, मुलं पेंगतायत, उठवायचं, हातपाय हलवायचे, थोडा दंगा करून परत बसवायचं. झालं. दोन्हींत आवाज होतो, दोन्ही पाच-दहा मिनिटांत उरकतात, दोन्हींत मुलं हसतात, त्यामुळे वरून सारखेच दिसतात. वेळ किती, साहित्य काय, बाकं सरकवायची की नाही हे फरक किरकोळ आहेत, त्यात अडकू नका.

खरा फरक असा की एनर्जायझर मोकळेपणा खर्च करतो आणि आईसब्रेकर तो तयार करतो. एनर्जायझरची सगळी गंमत चुकण्यात असते, कुणीतरी चुकीच्या वेळी टाळी वाजवतो आणि सगळे खो खो हसतात. आता ओळखीच्या पोरांसमोर चुकलं तर आपणही हसतो, पण जिथे एकाचंही नाव माहीत नाही तिथे चुकलं की पोराच्या डोक्यात एवढंच राहतं की या वर्गात मी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर माती खाल्ली. झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1965 मध्येच मांडून ठेवलंय की बघणारे असले की हातखंडा असलेली गोष्ट माणूस जास्त चांगली करतो आणि नवखी गोष्ट जास्त बिघडवतो. मग नवखा खेळ, नवखे प्रेक्षक आणि वर "जो आऊट होईल त्याने गाणं म्हणायचं", हे कशाला? ही आऊटवाल्याला शिक्षा देण्याची पद्धत तर मला कधीच पटलेली नाही, पहिल्या दिवशी काय आणि शेवटच्या दिवशी काय. बोलक्या मुलांना तसंही काही होत नाही, ती पहिल्या मिनिटापासून मोकळीच असतात. खेळ रंगला असं आपल्याला वाटतं ते त्यांच्याकडेच बघून, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला ती मुलं मागे भिंतीला टेकून कधी संपतंय याची वाट बघत असतात.

म्हणून मी कुठल्याही अॅक्टिव्हिटीला दोन प्रश्न लावते. एका वेळी एका मुलावर किती जणांचे डोळे आहेत? आणि संपल्यावर प्रत्येकाला निदान एका माणसाबद्दल काहीतरी नवीन कळलंय का? डोळे दोन असले आणि काहीतरी कळलं असलं तर आईसब्रेकर. चाळीस जण बघतायत आणि कुणाबद्दल काहीच कळलं नाही, तर मग ते काहीही असो, आईसब्रेकर नाही.

या कसोटीवर "एकेकाने उभं राहून नाव, गाव, छंद सांगा" हा लाडका प्रकारही नापास होतो बरं का. ओळीतल्या अकराव्या मुलाकडे जरा नीट बघा, आठवा बोलायला लागल्यापासून तो ओठातल्या ओठात स्वतःचं वाक्य घोकत असतो, नववा आणि दहावा काय बोलले ते त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही. ब्रेनर नावाच्या संशोधकाने 1973 मध्ये हेच दाखवलं होतं, आपल्या पाळीच्या जरा आधी जे बोललं जातं तेच सगळ्यात कमी लक्षात राहतं. शिवाय हिशोब करा, चाळीस मुलं, प्रत्येकी एक मिनिट, म्हणजे अख्खा तास गेला आणि प्रत्येक जण बोलला मिनिटभर. तेच जोड्या लावल्या तर तीन मिनिटांत प्रत्येकाचं दीड मिनिट बोलून होतं, तेही एकाच माणसासमोर. मी कायम जोडीनेच सुरुवात करते, मग दोन जोड्यांची चौकडी, आणि अख्ख्या वर्गासमोर बोलणं पहिल्या दिवशी नाहीच.

एकच अॅक्टिव्हिटी या बाजूची त्या बाजूला कशी जाते ते बिंगोत दिसतं. कागदावर सोळा चौकोन, एकात "पंक्चर काढता येतं", दुसऱ्यात "दोन मोठी भावंडं आहेत", आणि ज्याला ते लागू पडतं त्याला शोधून सही घ्यायची. छान आईसब्रेकर. आता टीचर फक्त एवढं म्हणाले की "जो पहिला कागद भरेल त्याला बक्षीस", की खेळ खलास! पोरं पळत सुटतात, कागद नाकासमोर धरून "कर ना सही, कुठेही कर", सोळा सह्या जमतात आणि नाव एकाचंही लक्षात नसतं. झाला एनर्जायझर. बक्षीस काढून टाका आणि सहीआधी एक प्रश्न विचारायची अट घाला, "पंक्चर काढायला कुणी शिकवलं?" बस. चौकोनही असे हवेत की पुढे प्रश्न सुचेल, "निळा रंग आवडतो" यावर काय बोलणार? आणि परदेशवारी, घरची गाडी असले चौकोन तर अजिबात नकोत, त्यातून कुणाकडे काय नाही एवढंच उघडं पडतं.

दुसरं टोक म्हणजे पहिल्याच तासाला "आयुष्यातला सगळ्यात लाजिरवाणा प्रसंग सांगा". मानसशास्त्रज्ञ आर्थर एरन यांनी 1997 मध्ये अनोळखी माणसांत जवळीक निर्माण करायला वापरलेले ते 36 प्रश्न ऐकून लोकांना वाटतं की खोल विचारलं की जवळीक होते. त्यात दोघं दोघंच होते आणि प्रश्न हलक्यापासून पायरी पायरीने वर जात होते, हे मात्र सोयीने विसरलं जातं. पायऱ्या गाळून थेट गच्चीवर नेलं तर मुलं खोटं तरी सांगतात नाहीतर गप्प बसतात. "पास" म्हणायची मुभा आधीच जाहीर करा आणि कुणी म्हटलं तर "अरे, घाबरतोस काय" करू नका.

एनर्जायझर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून खुशाल घ्या. पहिल्या दिवशी घ्यायचाच असेल तर असा घ्या की ज्यात सगळे एकाच वेळी तेच करतायत आणि आऊट कुणीच होत नाही, म्हणजे उभं राहून आळोखेपिळोखे दिले तरी चालेल. जोड्या लावताना मात्र "आपापला जोडीदार निवडा" म्हणू नका, कारण जो शेवटी उरतो तो नेमका तोच असतो ज्याच्यासाठी आपण हे करतोय. चिठ्ठ्या वाटा.